केशवराव भोळे यांचीं मोजकीं गाणीं

संगीत नाटक म्हटलें कीं, डझनावारी पदें, ‘वन्स मोअर’चा गजर आणि पहाटेपर्यंत लांबलेला प्रयोग, हें चित्र जुन्या रसिकांच्या डोळ्यांपुढें उभें राही. १ जुलै १९३३ रोजीं मुंबईच्या रिपन थिएटरांत ‘नाट्यमन्वंतर’नें ‘आंधळ्यांची शाळा’ रंगविली, तेव्हां त्या चित्रास जबर धक्का बसला. नॉर्वेच्या बियर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनीं तें लिहिलें होतें. विषय नाजूक: विवाहापूर्वींच्या वर्तनाबद्दल पुरुषास एक न्याय व स्त्रीस दुसरा कां? अशा घरगुती वादांत तानांची आतषबाजी कशी शोभावी? संगीतकार केशवराव भोळे यांनीं गाणीं अगदीं थोडीं ठेविलीं, आणि तींही बोलण्याच्या ओघांत उमटतील अशीं. बिंबेची भूमिका त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई यांनीं केली. कुलीन स्त्रियांनीं रंगभूमीवर यावें, हें सभेंत बोलणें सोपें. स्वतःच्या घरीं आचरणें त्या काळीं किती कठीण, हें आम्हीं सांगावयास नको.

केशवराव वैद्यकीच्या शिक्षणासाठीं मुंबईस आले आणि गाण्यांत गुंतले. ‘एकलव्य’ या नांवानें त्यांनीं नामांकित गवयांची परखड परीक्षा केली. दुसऱ्याची उधळपट्टी टिपणारा तो कान स्वतःच्या चालींनाही त्यांनीं लाविला, असें आम्हांस वाटतें.

पुढें पुण्याच्या ‘प्रभात’मध्यें ‘संत तुकाराम’साठीं (१९३६) शांताराम आठवले यांच्या एका गीतास त्यांनीं इतकी साधी भजनी चाल दिली कीं, अनेकांनीं तें तुकोबांचाच अभंग समजून म्हटलें. कवि आणि संगीतकार, दोघांचींही नांवें मागें राहिलीं.