फुफ्फुसं पूर्ववत होणार नसतील, तर व्यायाम कशासाठी?

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातलं चिचगड. जंगलाला लागून, छत्तीसगडच्या सीमेजवळचं गाव. इथल्या एखाद्या घरात कुणाला अंगणात चालतानाही धाप लागत असेल, तर घरचे काय म्हणतील? "बसून राहा, दगदग नको." सल्ला काळजीपोटी असतो, पण बऱ्याचदा तोच दुखणं वाढवतो.

असं का होतं?

धाप लागते म्हणून माणूस चालणं कमी करतो. पायांचे स्नायू अशक्त होतात आणि लवकर थकतात. मग तेवढ्याच कामाला आणखी धाप लागते. हे चक्र तोडणारा उपचार म्हणजे पल्मनरी रिहॅबिलिटेशन, अर्थात फुफ्फुस पुनर्वसन.

यात काय करतात?

आधी रुग्ण 6 मिनिटांत किती मीटर चालतो आणि तेव्हा ऑक्सिजन किती उतरतो, हे बघतात. त्यावरून व्यायाम ठरतो. साधारण 6 ते 12 आठवडे चालणं, हातापायांचे व्यायाम, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, आहार आणि इनहेलर नीट घ्यायची पद्धत शिकवली जाते.

फुफ्फुसं यानं नवी होत नाहीत. पण 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात सीओपीडीच्या 3,822 रुग्णांवरील 65 चाचण्या तपासल्या गेल्या. पुनर्वसन घेतलेल्यांची धाप कमी झाली आणि चालण्याची ताकद वाढली.

हे फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी आहे का?

नाही. चुलीच्या धुरामुळे आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बाईलाही सीओपीडी होतो. टीबी बरा झाल्यावर उरलेली धाप आणि फुफ्फुसं कडक होणारा आयएलडी, यातही पुनर्वसन उपयोगी पडतं. आयएलडीमध्ये चालताना ऑक्सिजन झपाट्याने उतरू शकतो, म्हणून देखरेख जास्त लागते.

प्रत्यारोपणानंतर तर गरज संपते ना?

उलट वाढते. 1983 मध्ये टोरांटोत जगातलं पहिलं यशस्वी फुफ्फुस प्रत्यारोपण झालं. नवं फुफ्फुस आलं तरी पाय मात्र आजारपणात खंगलेलेच असतात. स्टेरॉईडसारखी औषधंही स्नायू अशक्त करतात. शिवाय शस्त्रक्रियेत नसा कापल्या गेल्याने खोकल्याची उबळ नीट येत नाही. कफ काढायला मुद्दाम शिकावं लागतं.

पण चिचगडहून आठवड्यातून दोनदा नागपूर कसं गाठायचं?

खरी अडचण इथेच आहे. यावर ऑस्ट्रेलियातली एक चाचणी वाट दाखवते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सीओपीडीच्या काही रुग्णांकडे फिजिओथेरपिस्ट एकदाच घरी गेले, पुढे दर आठवड्याला फोन केला. 8 आठवड्यांनंतरचा फायदा केंद्रात येणाऱ्यांइतकाच होता. म्हणजे महागडं यंत्र नसलं तरी चालतं. सपाट रस्ता, एक खुर्ची आणि वेळेवर येणारा फोन यावरही बरंच काम होतं.

मात्र सुरुवात डॉक्टरांच्या तपासणीनंतरच करा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ओठ निळे पडले, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.