खडखडाट येतो कोठून?

वेगवान मोटार उभी असताना खडखडते. अॅक्सिलरेटर दाबताच आवाज गप्प! असे का व्हावे?

२००९ सालच्या अमेरिकन कॅडिलॅक सीटीएस-व्ही मोटारीच्या आठ सिलिंडरच्या, ६.२ लिटर एंजिनावर सुपरचार्जर आहे. पट्ट्यावर फिरणारे त्याचे दोन रोटर एंजिनात जादा हवा कोंबतात. अशा सुपरचार्जरमध्ये पुली व रोटर यांना जोडणारे स्प्रिंगचे कपलिंग झिजले, की सांधा सैल होतो.

असे एंजिन मिनिटाला ६०० फेरे घेते तेव्हा सेकंदाला ४० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाचा हिसका पट्ट्यातून पुलीला बसतो. जडत्वामुळे रोटर मात्र एकसारख्या गतीने फिरू पाहतात. साहजिकच सैल भाग एकमेकांवर आपटतात. अॅक्सिलरेटर दाबला, की हवा दाबण्याचा भार वाढतो, ते भाग एकाच बाजूला टेकून राहतात आणि आवाज थांबतो.

मेकॅनिक एंजिन बंद करून पट्टा काढतो व पुली हाताने मागेपुढे हलवतो. रोटर हलण्याआधीच पुली सैल फिरली, तर दोष कपलिंगचा. बेअरिंगचा आवाज मात्र वेगाबरोबर चढत जातो.

निदान अचूक असेल तर कपलिंग आणि तेल बदलून भागते. नाहीतर चांगला सुपरचार्जर उगाच भंगारात जातो!