कार्ड आहे, पण कामाला नाही

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वाऱ्याला डोंगराच्या कडेनं चढतो आणि वरच्या वळणावर गाड्या थांबतातच. खाली वाळूची लांब किनार, मागे सुरूचं बन, पायथ्याशी काळा कातळ आणि समोर उघडा समुद्र. प्री-वेडिंगवाल्यांपासून ड्रोनवाल्यांपर्यंत सगळ्यांना हीच जागा हवी असते. अडचण अशी, की संध्याकाळी सूर्य थेट भिंगासमोर येतो, कातळ सावलीत बुडतो आणि क्षितिजावर खारट धुरकटपणा असतो. म्हणून रॉ फाइल घरी आणायची, सावल्या उजळायच्या, धुरकटपणा काढायचा आणि वाढवलेल्या आयएसओमुळे आलेले दाणे पुसायचे. यातलं शेवटचं काम सगळ्यांत जड. स्लाइडर हलवला की चित्र अडखळतं, पडदा काळा पडतो किंवा सॉफ्टवेअर सरळ बंद होतं, ते बहुधा इथेच.

हे जडपण मोजता येतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. डार्कटेबलसारखं मुक्त सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्यासाठी चार आकडे धरतं आणि प्रत्येक आकडा चार बाइटचा असतो. हिशेब केला तर एक प्रत ३८४ एमबीची होते, मग डिस्कवर फाइल कितीही लहान असो. फिल्टरला आत येणारी एक प्रत लागते, बाहेर जाणारी एक लागते, शिवाय मधली कच्ची कामं असतात. दोन जीबी स्मृतीचं ग्राफिक्स कार्ड इथे धापा टाकतं. मग सॉफ्टवेअर चित्राचे तुकडे करून ते एकेक पाठवतं, किंवा कार्डाचा नाद सोडून काम प्रोसेसरकडे देतं.

भाताच्या लावणीला एकच हुशार माणूस पुरत नाही, ओळीनं वाकलेली माणसं लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे तशी हजारोंची ओळ: काम साधं, पण एकाच वेळी सगळ्यांचं. खेळांसाठी बनलेली ही ओळ फोटोशॉपच्या कामाला लागली ती २००८ सालच्या सीएस४ आवृत्तीपासून. त्याच वर्षाच्या अखेरीस ओपनसीएल हे खुलं मानक जाहीर झालं आणि डार्कटेबल आज त्याच मानकावर कार्डाशी बोलतं. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक २०२० साली जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३वा आला, तोही अशाच ग्राफिक्स प्रोसेसरांच्या जोरावर.

बिघाड झाला की लोक आधी नवं कार्ड घ्यायला धावतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातलाच हा प्रकार. बहुतेक वेळा कार्ड धडधाकट असतं आणि संगणकाला कार्डाशी बोलता यावं म्हणून मधे असलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, रुसलेला असतो. म्हणून पहिली चाचणी फुकटची करावी. फोटोशॉपच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ची खूण काढायची, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं आणि तोच फोटो, तीच कृती करून बघायची. त्रास थांबला तर रोख कार्ड-ड्रायव्हरकडे. तसाच राहिला तर कार्डाला दोष देण्यात अर्थ नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर काय लागू पडलं ते कळत नाही.

वेगळं कार्ड असलेल्या लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात: प्रोसेसरमधलं काटकसरी आणि वेगळं ताकदवान. विंडोजच्या ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स’खाली आपलं सॉफ्टवेअर निवडून त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ द्यावं लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात याला आणखी एक फाटा फुटतो. लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, की कार्डाला मिळणारी वीज आखडते आणि सकाळी सुसाट चाललेला एक्सपोर्ट दुपारी रांगू लागतो. सेटिंग कुणी बदललेलं नसतं. खाऱ्या दमट हवेत पंख्याच्या जाळीत धुळीचा थर बसतो, तेव्हाही कार्ड तापून वेग स्वतःच कमी करतं. जाळी साफ करणं हा किनाऱ्यालगतच्या गावांत ड्रायव्हर बदलण्याइतकाच गंभीर उपाय आहे.

ड्रायव्हर विंडोज अपडेटवर सोडू नये. थेट कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा घ्यावा आणि बसवताना जुना साफ पुसण्याचा पर्याय निवडावा. एनव्हिडियानं २०१९पासून खेळांसाठी वेगळे आणि ‘स्टुडिओ’ नावाचे वेगळे ड्रायव्हर ठेवले आहेत. फोटोंसाठी दुसरे बरे. लिनक्सवर गंमत निराळी. पडदा झकास दिसतो, पण ओपनसीएलचं पॅकेज वेगळं बसवायचं राहून गेलेलं असतं आणि डार्कटेबलला कार्ड सापडतच नाही. ‘डार्कटेबल-सीएलटेस्ट’ ही आज्ञा टर्मिनलमध्ये चालवली की खरं काय ते कळतं.

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, त्यामागे विंडोजचा एक नियम आहे. कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ते गोठलं असं समजून विंडोज ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो अगदी शेवटी वापरावा, कारण त्यानं दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

खरा त्रास मात्र बिनबोभाट बिघाडाचा. संदेश नाही, काळा पडदा नाही. काम चुपचाप प्रोसेसरवर गेलेलं असतं आणि आपण कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलांना शिव्या घालत बसतो. टास्क मॅनेजर उघडून पाहावं, पण तिथेही फसगत आहे. कार्डाचा पहिला आलेख ‘थ्रीडी’चा असतो आणि फोटोचं गणित त्यात उमटेलच असं नाही. आलेखाच्या नावावर टिचकी मारून ‘कॉम्प्यूट’ किंवा ‘कुडा’ निवडता आलं तर तिथे हालचाल दिसते. शिवाय सगळी कामं कार्डाची नसतातच. कॅमेऱ्यातून फोटो आत घेणं, कॅटलॉग शोधणं, फाइल वाचणं हे डिस्क आणि प्रोसेसर सांभाळतात. तिथे महागडं कार्डही हात बांधून उभं.

इतकं करूनही रंगीत चौकोन दिसत राहिले, तेही फोटोच्या सॉफ्टवेअरबाहेर, अगदी विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर, तर मात्र कार्डच आजारी आहे. डेस्कटॉप असेल तर त्याआधी मॉनिटरची वायर मदरबोर्डात नव्हे, कार्डातच खोचलेली आहे ना, ते मागे वाकून बघून घ्यावं आणि मगच दुकानाची वाट धरावी.