कंपन्यांचे विलीनीकरण, वकिलाचा हितसंबंध-संघर्ष आणि विलंब : एक विवेचन

प्रस्तावना :
पिंगळीतील एखाद्या शेतजमिनीच्या वाटणीचा दावा परभणीच्या दिवाणी न्यायालयात उभा राहिला, आणि त्यात थोरल्या भावाला सल्ला दिलेल्या वकिलांनी पुढे धाकट्याचे वकीलपत्र घेतले, तर गाव नाराज होईलच. शिवाय बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील नियम ३३ नुसारही ते निषिद्ध आहे. हाच नियम मुंबईत हजारो कोटींची विलीनीकरणे चालविणाऱ्या वकिलांना लागू आहे. फरक आहे तो कालमानाचा. दावा दहा वर्षे रेंगाळला तरी जमीन जागेवर राहते. विलीनीकरणात मात्र विलंबाने मूळ वस्तूच नाहीशी होऊ शकते.

दोन कालमर्यादा :
स्पर्धा अधिनियम, २००२ मधील विलीनीकरणविषयक तरतुदी १ जून २०११ पासून अमलात आल्या. विशिष्ट मर्यादेपेक्षा मोठा व्यवहार भारतीय स्पर्धा आयोगाच्या मान्यतेशिवाय पूर्ण करता येत नाही. आयोगाच्या निर्णयासाठी असलेली २१० दिवसांची मुदत २०२३ च्या दुरुस्तीने १५० दिवसांवर आणली गेली व ती १० सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. याउलट, वकिलाविरुद्धची गैरवर्तनाची तक्रार निकाली काढण्यासाठी अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३६-ब ने राज्य बार कौन्सिलला एक वर्ष दिले आहे. म्हणजे तक्रार खरी असली तरी तिचा निकाल लागेपर्यंत विलीनीकरण होऊन गेलेले असण्याचा संभव अधिक. साहजिकच हरकतदार स्थगितीसाठी उच्च न्यायालयाकडे वळतो. येथेच प्रामाणिक हरकत आणि केवळ वेळ काढण्यासाठी घेतलेली हरकत बाहेरून सारखीच दिसू लागते.

मुंबईतील दोन प्रकरणे :
दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला लागणारा मोती साबण एकेकाळी टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टोमको, या कंपनीचा होता. १९९३ मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याची योजना आली. १९९१ च्या दुरुस्तीने मक्तेदारी कायद्यातील पूर्वपरवानगीची अट गेलेली असल्याने हा वाद कंपनी कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात लढला गेला. कामगार संघटना आणि काही भागधारक विरोधात होते. टोमकोच्या १५ भागांस लिव्हरचे २ भाग, हे प्रमाण ठरविणारे सनदी लेखापाल स्वतः टोमकोचे संचालकही होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९४ मध्ये ते प्रमाण ग्राह्य धरून योजना कायम केली. येथे प्रश्न वकिलाचा नव्हता हे खरे. परंतु व्यावसायिक सल्लागाराचे दुहेरी नाते उघड असूनही केवळ त्यामुळे योजना कोसळत नाही, हे त्यातून दिसते.

विलंबाची किंमत फ्युचर रिटेलच्या प्रकरणात दिसून येते. रिलायन्सशी २४,७१३ कोटी रुपयांचा व्यवहार ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झाला. आयोगाने नोव्हेंबरमध्ये मान्यता दिली. पुढे मात्र ॲमेझॉनने कराराच्या आधारे सुरू केलेल्या लवाद व न्यायालयीन लढ्यात दीड वर्ष गेले. एप्रिल २०२२ मध्ये सुरक्षित धनकोंनी योजना नाकारल्यावर व्यवहार सोडून देण्यात आला आणि जुलैमध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. ॲमेझॉनचा हक्क खोटा होता असे म्हणता येणार नाही. तथापि, ‘बिग बझार’च्या दुकानांत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हक्क कोणाचा, हा प्रश्न दुय्यम ठरला.

हरकत केव्हा घ्यावी?
लंडनमध्ये जून २००४ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने आपल्याच जुन्या सॉलिसिटरांना, फ्रेशफिल्ड्स यांना, फिलिप ग्रीन यांच्या बोलीचे काम करण्यास मनाई मिळविली. कार्यालयात माहितीची भिंत उभारू, हा बचाव टिकला नाही. महत्त्वाचे हे की, हरकत बोलीच्या आरंभीच आली आणि अपिलाच्या टप्प्यासह काही दिवसांत निकाली निघाली. ग्रीन यांना दुसरे वकील नेमण्यास वाव उरला.

आपल्याकडील नियम १४ सुद्धा काम स्वीकारतानाच संबंध उघड करण्यास सांगतो. मात्र तो केवळ स्वतःच्या पक्षकारापुढे. प्रतिपक्षाला हे नाते उशिरा कळते, आणि कित्येकदा सोयीच्या वेळीच कळते! आयोगाने अर्जासोबतच वकिलांचे निवेदन मागितल्यास हरकत पहिल्या तीस दिवसांत, म्हणजे प्रथमदर्शनी मत बनविण्याच्या मुदतीतच, येऊ शकेल. पूर्वीच्या पक्षकाराचे गुपित भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने संरक्षित असल्याने अशा निवेदनात फक्त पक्षकाराचे नाव आणि कामाचा काळ असावा. दिलेला सल्ला त्यात येऊ नये.