बंपर बसला, रडारचं काय?

समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यात बदनापूर आणि जालना या तालुक्यांतून जातो. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, त्याच्या आदल्याच वर्षी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० बाजारात आली. पुढच्या गाडीशी अंतर राखणारी, धडकेआधी स्वतः ब्रेक लावणारी ‘अडास’ यंत्रणा तिच्या वरच्या मॉडेलांत होती. आता ती बऱ्याच गाड्यांत मिळते.

या यंत्रणेचा कॅमेरा समोरच्या काचेला आतून, आरशामागे असतो. रडार पुढच्या जाळीत किंवा बंपरमागे. ठोकर बसली की आधी फुटतं ते नेमकं हेच!

गॅरेजात काच बदलते, बंपरला पुट्टी भरून रंग मारला जातो, गाडी चकाचक होऊन दारात येते. रडारची पट्टी मात्र किंचित वाकलेली राहू शकते. किंचित म्हणजे किती? एका अंशाचा फरक १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा होतो. समृद्धीची लेन पावणेचार मीटर रुंद, म्हणजे रडारचा अंदाज जवळजवळ अर्धी लेन चुकला. शेजारच्या लेनमधल्या ट्रकला बिचकून गाडी विनाकारण ब्रेक मारील, किंवा समोरचा ट्रक तिला उशिरा दिसेल. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. पुट्टीचा आणि धातूचे कण असलेल्या रंगाचा जाड थर रडारच्या लहरी अडवतो, तो त्रास वेगळाच.

उपाय म्हणजे कॅलिब्रेशन. आधी टायरची हवा आणि व्हील अलाइनमेंट. मग सपाट फरशीवर गाडी उभी करून, कंपनीने ठरवलेल्या अंतरावर खुणांचा फलक मांडतात आणि स्कॅनर जोडून कॅमेऱ्याला ‘सरळ’ कुठे ते शिकवतात. काही मॉडेलांत स्कॅनर जोडूनच ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर गाडी चालवावी लागते. हातोडी कितीही सफाईदार असली, तरी या कामाला अंदाजपंचे चालत नाही.

विम्याचा क्लेम असेल तर सर्व्हेअर येण्याआधीच एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशन लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना रंग पाहाच, पण स्कॅनरचा छापील रिपोर्टही मागा. तो हाती येईपर्यंत समृद्धीवर पुढच्या गाडीशी अंतर राखणारा अॅडॅप्टिव्ह क्रूझ लावू नका.