सपाट छताच्या घरात डक्टची हवा: आधी गच्ची, मग मशीन

जबलपूरहून बोलतोय. आजचा विषय अगदी घरगुती आहे. वर सपाट स्लॅब असलेल्या घरात डक्टचा एसी, म्हणजे एकाच मशीनची थंड किंवा गरम हवा पत्र्याच्या बोगद्यातून सगळ्या खोल्यांत नेण्याची सोय, कशी बसवायची? नागपूर, अमरावती, रायपूर, इंदूर, जिथे जिथे मे महिना भाजून काढतो, तिथल्या मंडळींना यातलं बरंचसं लागू पडेल.

मी या भानगडीत पडलो तो आईमुळे. तिने पंचाऐंशी ओलांडली आहे. आमचं घर एकमजली, आणि तिची खोली नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. एका मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास ती असंबद्ध बोलायला लागली. अंग तापलेलं, घामाचा पत्ता नाही. दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, दोन दिवसांनी घरी आली. डॉक्टरांनी विचारलं, ‘उन्हात गेल्या होत्या का?’ ती दिवसभर घराबाहेर पडलीच नव्हती. घरी येऊन मी पलंगावर उभा राहून छताला हात लावला, तर छत तव्यासारखं तापलेलं. आणि बाहेर तोवर वारा सुटला होता.

हे का होतं ते आधी समजून घेऊ, कारण मशीनचा सगळा हिशोब त्यावर आहे. चार-सहा इंची काँक्रीट उष्णता अडवत नाही, ती साठवते आणि तीन-चार तास उशिराने खाली सोडते. दुपारी दोनला गच्चीवर पडलेलं ऊन संध्याकाळी आणि रात्री डोक्यावर येतं. आमच्या कँटोन्मेंटमधल्या जुन्या बंगल्यांत ही अडचण नव्हती. वर कवेलूंचं उतरतं छप्पर, त्याखाली हवेची मोकळी पोकळी, मग आतलं छत. उंच झरोक्यांतून गरम हवा निघून जायची. भोवती खोल व्हरांडा, दाराला वाळ्याचे ओले पडदे. परदेशातले जे व्हिडिओ आपण बघतो, त्यांत डक्ट अशाच उतरत्या छपराखालच्या पोकळीतून नेलेले असतात. आपल्या स्लॅबच्या घरात ती पोकळीच नाही. मग डक्ट न्यायचा कुठून? एक तर गच्चीवरून, नाहीतर स्लॅबच्या खालून.

मी बोलावलेल्या ठेकेदाराने दहा मिनिटांत निकाल दिला: साडेपाच टनाचं मशीन, डक्ट गच्चीवरून, आणि खोलीगणिक स्लॅबला एकेक भोक. ‘खाली काही दिसणारच नाही साहेब, एकदम साफ काम.’ मी नाही म्हटलं. सांगतो का ते.

मे महिन्याच्या दुपारी गच्चीचा पृष्ठभाग सहज साठ अंशांवर जातो. मशीनमधून निघणारी हवा चौदा अंशांच्या आसपास असते. म्हणजे विकत घेतलेली थंड हवा आपण तव्यावरून फिरवून आणणार. भोवतीचं आवरण उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं आणि सांध्यांत पावसाचं पाणी शिरतं. स्लॅबमधल्या भोकाभोवतीचं वॉटरप्रूफिंग कितीही नीट केलं तरी पहिली गळती तिथूनच होते. आणि भोक पाडताना सळई कापली जाते, ते वेगळंच. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. मी तेव्हा पोस्टिंगवर होतो, आईवडील याच घरात झोपले होते. भिंतीला एक तिरकी भेग गेली, ती वडिलांनी बुजवली, पण माणसं बोलावली की ती कुठे होती ते दाखवायचे. त्या पहाटेनंतर या शहरात स्लॅबला छिन्नी लावण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो.

म्हणून मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आकडेमोड बघा. छत हजार चौरस फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. वर साठ अंश, खोलीत हवेत सव्वीस, फरक चौतीसचा. उघडा स्लॅब दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला, साधारण साडेतीन वॅट उष्णता आत सोडतो. गुणाकार केला की अकरा हजार वॅट येतात. एक टन म्हणजे साधारण साडेतीन हजार वॅट. (हा टन वजनाचा नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढं काम.) म्हणजे ऐन दुपारी तीन टनांचं मशीन नुसतं छताशी लढण्यात खर्ची पडणार. प्रत्यक्षात काँक्रीट साठवण करत असल्यामुळे हा भार थोडा बोथट होतो आणि उशिरा येतो, पण येतो.

आता स्लॅबवर दोन इंची एक्सपीएस, म्हणजे दाट फोमच्या पाट्या, घाला. उष्णता अडवण्यात हे दोन इंच सुमारे अडीच मीटर जाडीच्या काँक्रीटच्या बरोबरीचे आहेत. छताचा भार अर्ध्या टनावर येतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त छतासाठी १.२ वॅटची मर्यादा आहे. आपला उघडा स्लॅब तिच्या जवळजवळ तिप्पट, आणि फोम घातल्यावर निम्म्याहूनही कमी.

मिस्त्री म्हणाला, त्यापेक्षा विटांच्या तुकड्यांचा कोबा करा, तो आपला जुना उपाय. चार इंची कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो. आमच्या गच्चीवर अठरा टनांहून जास्त. वापरातल्या गच्चीसाठी संकल्पनेत साधारण दीडशे किलोचाच चल भार धरतात. फोमचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा नाही. वरचा पातळ गिलावा आणि पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे यांचं वजन येतंच, म्हणून अभियंत्याला विचारून मगच हात घातला. वॉटरप्रूफिंग फोमच्या खाली, उतार नीट, हे काम फेब्रुवारीत उरकलं. त्या मे महिन्यात मशीन यायच्या आधीच आईच्या खोलीतला पंखा रात्री गरम हवा फेकायचा थांबला होता. साडेपाच टनांच्या जागी तीन टन पुरले.

मग डक्ट स्लॅबच्या खालून. सगळीकडे फॉल्स सीलिंग करू नका. आमच्या घरात मधोमध एक पॅसेज आहे आणि चारही खोल्यांची दारं त्यात उघडतात. फक्त त्याचं छत खाली आणलं. एका टनाला मिनिटाला चारशे घनफूट हवा धरतात, म्हणजे तीन टनांना बाराशे. घरात आवाज नको म्हणून मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला आठशे फूट धरला, तर दीड चौरस फुटाचा छेद लागतो: अठरा इंच बाय बारा इंच. आवरण आणि टांगण्या धरून पॅसेज दहा फुटांवरून साडेआठ फुटांवर आला. खोल्यांची उंची आणि पंखे शाबूत. दाराच्या लिंटेलच्या वर, विटांच्या भिंतीत, ग्रिल बसवल्या. लिंटेलला हात लावला नाही. आतलं मशीन बाथरूमवरच्या माळ्यावर आणि बाहेरचं जमिनीवर, उत्तरेच्या सावलीत.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे परतीची हवा. खोलीत हवा ढकललीत तर ती मशीनकडे परत जायला वाट हवी, नाहीतर दार बंद केलं की ग्रिलमधून येणारी हवाच मंदावते. आम्ही प्रत्येक दार खालून इंचभर कापलं आणि पॅसेजमध्ये परतीची जाळी फरशीपासून फूटभरावर ठेवली. खाली का, तर हिवाळ्यासाठी. जानेवारीत इथे पहाटे आठ-नऊ अंश असतात. हेच मशीन उलटं चालून एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता देतं, पण गरम हवा छताशी तरंगत राहते. खालून ओढून घेतली तरच ती माणसापर्यंत उतरते. हिवाळ्यात ग्रिलच्या पट्ट्या खाली वळवा, उन्हाळ्यात आडव्या ठेवा.

‘डक्ट कूलर स्वस्त पडेल ना?’ पडेल, आणि मे महिन्यात चांगला चालेल. बेचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची हवा देतो. पण जुलैत तीस अंश आणि पंच्याऐंशी टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम दोन अंश उतरवतो आणि अंथरूण ओलसर करतो. दम्याच्या माणसासाठी मी तो घेणार नाही.

आमचीही एक चूक झाली. ऑगस्टमध्ये फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग उमटला. आम्हाला वाटलं, गच्ची गळतेय. उघडून पाहिलं तर डक्टच्या एका सांध्यावर वीतभर आवरण लावायचं राहून गेलेलं. दमट हवेत चौदा अंशांचा पत्रा थंडगार पाण्याच्या तांब्यासारखा घामेजणारच. तेव्हा छत बंद करण्याआधी प्रत्येक सांधा स्वतः, टॉर्च घेऊन बघा. आणि मशीनपर्यंत हात पोचेल अशी झडप ठेवा. ती नसली तर फिल्टर कोणी धूत नाही.

आता खरं सांगतो. घरात एक-दोनच खोल्या वापरात असतील, तर या सगळ्याच्या नादी लागू नका. गच्ची करून घ्या, एक स्प्लिट एसी लावा. मी डक्ट घेतला, कारण आई एका खोलीत बसत नाही. देवघर, स्वयंपाकघर, पुन्हा खोली, असं तिचं दिवसभर चालू असतं, आणि चोवीस अंशांतून अडतीस अंशांत दर अर्ध्या तासाने ये-जा करणं तिच्या वयाला झेपत नाही. डक्टमुळे पॅसेजसकट घर एकसारखं राहतं.

पहिल्याच आठवड्यात तिने आपल्या खोलीतल्या ग्रिलवर जुनी सुती साडी बांधून ठेवली होती. म्हणाली, ‘डोक्यावर वारा येतो रे.’ ठेकेदाराला बोलावून तिथला डँपर अर्धा बंद केला, पट्ट्या भिंतीकडे वळवल्या. साडी मी काढून घडी करून ठेवली. तिने ती दोन दिवसांनी परत बांधली, पण आता फक्त अर्ध्या ग्रिलवर.