उरलेली अर्धी ग्रंथि



गळ्याच्या पुढच्या भागीं, श्वासनलिकेला बिलगून, फुलपांखराच्या आकाराची एक ग्रंथि असते. तिला थायरॉइड म्हणतात. तिचें वजन अवघें दीड-दोन तोळे. परंतु तिच्यांतून रक्तांत मिसळणाऱ्या थायरॉक्सिन या द्रव्यावर शरीराची ऊब, हृदयाची गति व मनाची तरतरी अवलंबून असते. या ग्रंथींत कर्करोगाची लहानशी, एकाच बाजूस राहिलेली गांठ निघाली, तर आज पुष्कळदां अर्धीच ग्रंथि काढतात. रोग्याला समाधान वाटतें कीं, आतां जन्मभर गोळी घ्यावयास नको. ही आशा कितपत खरी आहे?

स्वित्झर्लंडांतील बर्न येथें थिओडोर कोखर हा शस्त्रवैद्य गलगंडाच्या रोग्यांची ग्रंथि समूळ काढीत असे. जखमा उत्तम भरत. पण पूर्वींच्या रोग्यांस त्यानें पुन्हां तपासलें, तेव्हां बहुतेक जण सुजलेले, मंद व थंडीनें गारठणारे आढळले. १८८३ सालीं त्यानें हें स्वतःच जाहीर केलें. १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें याच ग्रंथीवरील कार्याबद्दल. शस्त्रक्रियेचा खरा हिशेब टांके निघाल्यावर कित्येक महिन्यांनीं लागतो, हें तेव्हां कळलें.

अर्धी ग्रंथि राहिली, तर बहुतेकांचें काम तिच्यावर भागतें. पण सर्वांचें नाहीं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ सालीं काढलेल्या निष्कर्षाप्रमाणें पांचांपैकीं सुमारें एकास न्यूनता येते. ती बहुधा सौम्य असते. केवळ रक्तांतच दिसते. मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि उरलेल्या अर्ध्या भागास अधिक जोरानें हांकूं लागते, आणि तिचा तो आसूड, म्हणजे टी. एस. एच., रक्तांत वाढतो. ज्यांचा हा आंकडा आधींच वरच्या अंगाला असतो, किंवा ज्यांच्या रक्तांत या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडें असतात, त्यांना धोका बराच अधिक. म्हणून या दोन्ही तपासण्या शस्त्रक्रियेपूर्वींच करून घ्याव्या, असें माझें मत आहे.

कर्करोगाच्या बाबतींत आणखी एक पेंच आहे. तोच आसूड मागें राहिलेल्या एखाद्या रोगपेशीसही डिवचूं शकतो. त्यामुळें एरव्हीं चालला असता असा आंकडाही कांहीं रोग्यांत डॉक्टर गोळीनें खालीं आणतात. किती खालीं, तें रोगाच्या जोखमीवर ठरतें.

न्यूनता दबकत येते. थंडी सोसवत नाहीं, मलावरोध होतो, त्वचा कोरडी पडते, आवाज जड होतो, पाळी बिघडते, नांवें आठवत नाहींत. घरचीं माणसें म्हणतात, “एवढ्या मोठ्या दुखण्यांतून उठली आहे, थकायचीच!” आणि सुनेच्या बाबतींत तर सरळ आळस म्हणून मोकळीं होतात. तर्क लढविण्यापेक्षां रक्त तपासणें बरें: पहिल्यानें शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं, मग त्या वर्षांत अधूनमधून, व पुढें दरवर्षीं. पहिला अहवाल चांगला आला म्हणून पुढचे सोडूं नयेत.

उपाय सोपा आहे. १८९१ सालीं इंग्लंडांत जॉर्ज मरे यानें मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून एका बाईला बरें केलें. ती पुढें २८ वर्षें जगली. आतां लहानशी गोळी पुरते. ती सकाळीं उपाशीपोटीं पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-एक तासानें, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानें. मात्रा बदलली कीं सहा आठवडे तरी थांबून मगच रक्त तपासावें. थायरॉक्सिन शरीरांतून निम्में व्हावयासच आठवडा लागतो. गर्भ राहिल्यास मात्र वाट न पाहतां डॉक्टरांस लागलीच कळवावें, कारण त्या काळांत थायरॉक्सिनची गरज वाढते.